दुसरी खिडकी बंद होती

या सदरातले अनुभव मी नियमित वाचते, आणि खरं सांगायचं तर प्रत्येकाचं कारण शोधत वाचते. रिकाम्या घरात पावलं वाजली — लाकूड फुगलं असेल. आरशात कोणी दिसलं — झोप झाली नसेल. मनातल्या मनात शेरा मारायचा आणि पान उलटायचं... अशी मी. त्याला माझा धंदाही जबाबदार आहे. मी प्रोग्रामर आहे. 'आपोआप झालं' हे वाक्य आमच्यात कोणी खरं मानत नाही. काहीच आपोआप होत नसतं, कुठेतरी कोणीतरी काहीतरी लिहिलेलं असतं, ते शोधायचं असतं. शिवाय आमच्या घरात भूत-भानामतीला कधी थाराच नव्हता. अब्बा म्हणायचे, "डरना है तो ऊपरवाले से डरो. अंधेरे में तो सिर्फ बिल्ली रहती है."

तरी हे लिहितेय, कारण मला त्याचं कारण सापडलेलं नाही. आणि कारण सापडो न सापडो, काही माणसांचे आभार मानायचे राहून गेले आहेत.

माझं नाव शाहीन. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल गावची. अब्बांचं बाजारात शिलाईचं दुकान होतं. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. तीसुद्धा गणिताच्या सरांनी घरी येऊन, अब्बांच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसून, "मुलगी हुशार आहे, चंद्रपूरला पाठवाच" असं समजावलं म्हणून. कॉम्प्युटरचं शिक्षण झालं आणि चंद्रपूरच्याच एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी लागली. कंपनी म्हणजे एका दुकानगाळ्याच्या वरची खोली आणि आम्ही चारपाच जण.

ही गोष्ट २००६ सालची. अहेरीच्या पुढे, जंगलाच्या बाजूला एका ट्रस्टचा दवाखाना होता. नाव लिहीत नाही, कारण चूक दवाखान्याची नव्हती, आमची होती. त्या दवाखान्यासाठी आमच्या कंपनीने पेशंटच्या नोंदणीचा प्रोग्राम केला होता. एका खोलीत सर्वर, आणि त्याला वायरने जोडलेले तीन कॉम्प्युटर — नोंदणीच्या दोन खिडक्यांवर एकेक आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत एक. खिडकीवर पेशंटचं नाव टाकायचं की त्याचा सगळा इतिहास समोर, आणि छोट्या प्रिंटरमधून एक चिठ्ठी बाहेर. त्यावर नाव, गाव, रक्तगट. ती चिठ्ठी घेऊन पेशंट आत जायचा. ज्याने हा प्रोग्राम लिहिला तो मुलगा हैदराबादला नोकरी लागून निघून गेला होता. त्यामुळे तक्रारीचा फोन आला तेव्हा साहेबांनी मला पाठवलं.

तक्रार अशी होती : भलत्याच माणसाच्या चिठ्ठीवर एका मुलीचं नाव छापून येतं. मुलगी नेहमी एकच. सोमी.

बाळंतपणाला आलेल्या एका बाईच्या चिठ्ठीवरही असंच झालं होतं. नाव सोमीचं आणि रक्तगटही सोमीचा. रक्त चढवण्याआधी लॅबमध्ये जुळवून बघतात म्हणून ती बाई वाचली. डॉक्टरबाई फोनवर ओरडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "एकदा लॅबने पकडलं. दर वेळी पकडेलच असं मी धरून चालणार नाही. दुरुस्त करा, नाहीतर मशीन उचलून न्या."

एसटीने गोंडपिपरी, आष्टी करत मी अहेरीला पोचले आणि तिथून दवाखान्याच्या जीपने पुढे. पोळा होऊन गेला होता, धान पोटरीवर होतं, नाल्यांना अजून पाणी होतं. राहायची सोय दवाखान्यामागच्या क्वार्टरमध्ये, कुसुमबाईंकडे.

कुसुमबाई म्हणजे तिथल्या जुन्या नर्स. रिटायर झाल्या होत्या, पण गेल्या नव्हत्या. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "काऊन वं, इतकी वाळकी कशी तू? कॉम्प्युटर खाऊन राह्यला का तुले?"

मी हसले. त्या नाही हसल्या, ताट वाढायला लागल्या. भात, लाखोळीची डाळ, अंबाडीची भाजी. आणि वर उकडलेली दोन अंडी.

"कोंबडीच कापली असती. पन माह्या हातची तुले चालन का नाई, मले का मालूम. म्हून अंडे आनले. अंड्याले तं काही पढा लागत नाई ना?"

"नाही बाई," मी म्हटलं. "अंड्याला काही नाही लागत."

"मंग खा. आधी जेवन, मंग कॉम्प्युटर."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या खिडकीवरच्या प्रमोदभाऊंनी माझं स्वागत केलं. नोंदणीचं काम त्यांच्याकडे. बोलायला मोकळे, पण त्या दिवशी मशीनपासून खुर्ची जरा लांबच ठेवून बसले होते.

"मॅडम, खरं सांगू का? याच्यात थे पोट्टी घुसली हाय."

"कोण?"

"सोमी. वाटेल त्याचं नाव टाका, चिठ्ठीवर सोमीच निंगते. लोकं आता दुसऱ्याच गोष्टी बोलून राह्यले. म्हन्तेत पोट्टी मेली असन, थेच बलावून राह्यली."

मागून कुसुमबाईंचा आवाज आला, "तुह्या तोंडात माती पडो, परमोद! पोट्टी नाल्यापलीकडं हाय. पानी उतरलं का येते."

सोमी म्हणजे दहाबारा वर्षांची माडिया आदिवासी मुलगी. तिला सिकलसेल होता. त्यात रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, मधूनच हाडं फुटतील असं दुखतं, रक्त कमी होत जातं. औषध आणि तपासणी चुकवून चालत नाही. ती बापाबरोबर न चुकता बाजाराला यायची आणि दवाखान्यात दाखवून जायची. पण यंदा पावसात त्यांच्या गावाच्या वाटेवरच्या नाल्याचा रपटा, म्हणजे ठेंगणा पूल, पाण्याखाली गेला, आणि ओळीने काही बाजार ती आलीच नव्हती. कुसुमबाईंचा जीव तिच्यात अडकलेला. त्या गावात ना फोन, ना तिथे जायला दुसरी वाट.

मी दिवसभर नोंदणी करून बघितली. खोटी नावं, खरी नावं, मुद्दाम चुकीची नावं. एकदाही सोमी आली नाही. चिठ्ठ्या अगदी बिनचूक. प्रमोदभाऊ गालातल्या गालात म्हणाले, "तुमाले भेते वाटते थे."

"नेहमी कधी होतं?" मी विचारलं.

"बाजाराच्या दिवशी. बाकी दिवस नाई."

हे आधी कोणी सांगितलंच नव्हतं! बाजाराच्या दिवशीच का? भुताला काय बाजार करायचा असतो? म्हणजे बाजाराच्या दिवशी इथे काहीतरी वेगळं होतं, एवढं नक्की. विचारल्यावर कळलं : इतर दिवशी गर्दी नसते, एकच खिडकी चालते. बाजाराच्या दिवशी पंचक्रोशीतली माणसं मिरची-मीठ घ्यायला येतात आणि त्याच फेरीत दवाखानाही उरकतात. मग दुसरी खिडकी उघडायची. तिथे कुसुमबाई बसायच्या, फुकट, हौसेने.

बाजाराच्या दिवशी मी दोन्ही खिडक्यांच्या मध्ये, मागे, स्टूल टाकून बसले. समोर रांग. कोणाच्या हातात कोंबडी, कोणाच्या टोपलीत वाळलेली मासळी. कुसुमबाई माडियात बोलायच्या, मराठीत बोलायच्या, तिसऱ्याला तेलुगूत रागवायच्या आणि मधून एका बोटाने टाईप करायच्या. आणि माझ्या लक्षात आलं की त्यांच्या पडद्यावर दोन विंडो आहेत. एकीत नोंदणी चाललीय. दुसरीत एक पान नुसतंच उघडं आहे. सोमीचं.

"बाई, हे का उघडं ठेवलंय?"

"ज्याची वाट पाह्यतो त्याचं पान उघडून ठेवतो मी. सकाळी आल्याबरोबर. थो आला का बंद करतो." मग जरा लाजून, "येते मानूस. तू हासशील, पन येते."

मी हसले नाही, कारण तेवढ्यात प्रिंटर वाजला आणि प्रमोदभाऊंनी एका म्हाताऱ्या आजोबांच्या चिठ्ठीवरचं सोमीचं नाव मला उंच करून दाखवलं.

आता या घोटाळ्याचं कारण सांगते. इथपर्यंत त्यात अमानवी काहीच नाही.

अब्बांच्या दुकानात एक पाटी असायची. गिऱ्हाइकाचं माप घेतलं की ते पाटीवर लिहायचे आणि कापड कापेपर्यंत तिथेच ठेवायचे. एकटं गिऱ्हाईक असलं तर ठीक. पण सणासुदीला दोघं एकदम आले, आणि पहिल्याचं कापड कापायच्या आत दुसऱ्याचं माप पाटीवर चढलं, तर पहिल्याच्या अंगात दुसऱ्याचा सदरा जायचा. एकदा खरंच गेला. तेव्हापासून अब्बांनी दर गिऱ्हाइकाची वेगळी चिठ्ठी सुरू केली. म्हणायचे, "सिलेट एक, गिराहक दो — तो कुर्ता किसका?"

आमच्या प्रोग्राममध्ये हेच झालं होतं. खिडकीवरून सर्वरकडे जे मागणं जातं त्याला आम्ही रिक्वेस्ट म्हणतो. प्रत्येक रिक्वेस्टचा पेशंट वेगळा ठेवायला हवा. त्या मुलाने तो सगळ्यांसाठी एकाच सामाईक जागी ठेवला होता, एकाच पाटीवर. चंद्रपूरला तपासताना माणूस एकच, म्हणून कधी काही बिघडलं नाही. इथे प्रमोदभाऊंनी पेशंट नोंदवला, पाटीवर त्याचं नाव चढलं, आणि चिठ्ठी छापायच्या आत कुसुमबाईंचं उघडं पान मध्ये यायचं. ते पान दर थोड्या वेळाने आपणहून ताजं व्हायचं, म्हणजे दर वेळी सर्वरकडे 'सोमी' म्हणून नवी रिक्वेस्ट. पाटीवरचं नाव पुसलं जायचं, सोमी चढायची, आणि चिठ्ठीवर तीच छापली जायची. आधी सोमी वेळेवर यायची, तिचं पान लगेच बंद व्हायचं. यंदा ती आली नाही, म्हणून पान दिवसभर उघडं.

मी हे समजावून सांगितलं तेव्हा कुसुमबाईंचा चेहरा उतरला.

"म्हंजे माह्याच्यानं झालं हे सारं? थ्या बाळंतणीचंबी?"

"नाही हो बाई! कोणाचं पान उघडं ठेवणं ही चूक कशी असेल? चूक आमच्या पाटीची आहे."

त्यांनी सोमीचं पान बंद केलं. दिवसभर पुन्हा उघडलं नाही. सोमी त्या बाजारालाही आली नाही.

बाजारानंतरच्या दिवशी सकाळी मी बसून दुरुस्ती लिहिली. फार नव्हती, प्रत्येक रिक्वेस्टला तिची स्वतःची चिठ्ठी, एवढंच. दुपारपर्यंत तयार झाली. आता सर्वर बंद करायचा, नवा प्रोग्राम चढवायचा, परत चालू करायचा, झालं. परतीची एसटी पकडायची घाई होती. मी सर्वरच्या खोलीकडे निघाले आणि दारात कुसुमबाई.

"कुठी चालली? जेवली का?"

"बाई, थोडंसंच काम आहे. ते करून येते ना."

"थोडसंच हाय तं जेवल्यावर कर. भात निवून राह्यला."

मोठ्या माणसाला ताटावर थांबवायचं नाही, ही आमच्या घरची शिस्त. गेले. जेवले. त्या दिवशी त्यांनी भाताचा आग्रह केला नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, "काई नाई. पोट्टीची याद येऊन राह्यली."

जेवून आले तोवर लाईन गेली होती. त्या वर्षांत आमच्याकडे भारनियमन कसं होतं ते ज्यांनी काढलंय त्यांना सांगायला नको. सकाळीही एकदा गेली होती, तेव्हा सगळं बंद करून पुन्हा चालू केलं होतं. दवाखान्यात इन्व्हर्टर होता, पण त्यावर सर्वर, पहिली खिडकी आणि डॉक्टरबाईंची खोली एवढंच जोडलेलं. दुसऱ्या खिडकीला ती जोडणी नव्हतीच. आठवड्यातून एकदा लागणारी खिडकी, तिला कशाला? शिवाय बाजार नव्हता, त्यामुळे ती सकाळपासून बंदच होती. कुसुमबाईंनी जुन्या लुगड्याचं शिवलेलं झाकण त्या कॉम्प्युटरवर तसंच होतं. डॉक्टरबाई वॉर्डात होत्या आणि त्यांच्या खोलीला बाहेरून कडी होती.

इन्व्हर्टरवर भरवसा ठेवून मधूनच प्रोग्राम चढवणं बरं नव्हे, म्हणून मी लाईन यायची वाट बघायचं ठरवलं. रिकामं काय बसायचं! म्हटलं, जुना प्रोग्राम शेवटचा एकदा बघू. पहिल्या खिडकीवर बसले. प्रमोदभाऊ शेजारी तंबाखू मळत उभे. नाव टाकलं : शाहीन. गाव : मूल. माझा रक्तगट. बटण दाबलं.

चिठ्ठी आली. प्रमोदभाऊंनी ती फाडून घेतली, बघितली आणि माझ्यापुढे धरली.

सोमी.

तुम्हाला आता कळतंय का, मी खुर्ची मागे सारून का उठले ते? पाटीवरचं नाव पुसायला दुसरं गिऱ्हाईक लागतं. दुसरी रिक्वेस्ट आल्याशिवाय हा घोटाळा होऊच शकत नाही. आणि त्या वेळी सगळ्या दवाखान्यात सर्वरशी बोलणारी मी एकटी होते.

सर्वरवर कोण कधी काय मागतं त्याची नोंद आपोआप होत असते. मी जाऊन ती उघडली. शेवटच्या दोन ओळी. एक माझी, पहिल्या खिडकीवरून. आणि तिच्या अगदी पाठोपाठ दुसरी — सोमीचं पान मागणारी. पत्ता दुसऱ्या खिडकीचा.

प्रमोदभाऊ आणि मी, दोघांनी एकदमच तिकडे बघितलं. लुगड्याचं झाकण जागच्या जागी. मी जवळ गेले, झाकण उचललं, हात लावला. गार. बटण दाबून बघितलं. काही नाही. भर दुपार होती, बाहेर ऊन होतं, अंगणात कोणीतरी कपडे वाळत घालत होतं.

"मॅडम," प्रमोदभाऊ हळूच म्हणाले, "मी चेष्टा करत होतो वो. पोट्टी घुसली म्हून म्हटलं थे... चेष्टा होती."

मी क्वार्टरकडे धावले. कुसुमबाई मागच्या पडवीत भांडी घासत होत्या.

"बाई, तुम्ही आत्ता दवाखान्यात आला होता का? दुसऱ्या खिडकीवर?"

"माहे हात पाह्य ना, राखेनं भरले हायत. काऊन?"

मी चिठ्ठी दाखवली. त्यांना वाचायला चष्मा लागायचा, पण ते नाव त्यांनी तसंच ओळखलं. मग म्हणाल्या, "आत्ताच मनात आलं होतं माह्या. काल थे न येताच पान बंद केलं, मंग उघडलंच नाई. म्हटलं, आपन बंद केलं तं थे येईन कशी? मनातल्या मनातच उघडलं मी... एवढंच केलं वं. भांडे घासता घासता."

त्यांनी हात पुसले आणि सरळ डॉक्टरबाईंकडे गेल्या. मी मागे. डॉक्टरबाई शहरात शिकलेल्या, उपासतापास न करणाऱ्या. त्यांनी चिठ्ठी घेतली, माझ्याकडे बघितलं.

"तुमच्या प्रोग्राममधला तो बग ना हा? काल सापडला म्हणालात."

"हो. पण आज तो होऊ शकत नाही, मॅडम."

"म्हणजे?"

"मला माहीत नाही."

त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "रपट्यावरचं पाणी उतरलं असेल आता. तशीही तिची तपासणी चुकलीच आहे. गाडी पाठवा. कारण मला कोणी सांगू नका, मीही विचारत नाही. प्रमोद, तुम्ही जा बरोबर."

जीप गेली. लाईन आली. मी प्रोग्राम चढवला नाही. मी नुसती बसून होते. कुसुमबाईंनी दुसऱ्या खिडकीवरचं झाकण काढलं, मशीन चालू केलं, सोमीचं पान उघडलं आणि समोर हात जोडल्यासारख्या बसल्या. मी त्यांना अडवलं नाही.

दिवस मावळायच्या आत जीप परत आली. प्रमोदभाऊंनी सोमीला उचलून आत आणलं. ओठ पांढरे, डोळे पिवळे, पाय पोटाशी घेतलेले. मागे तिचा बाप, चिखलाने माखलेला. ते घरी भेटलेच नव्हते. रपट्याच्या अलीकडे, मोहाच्या झाडाखाली बाप लेकीला मांडीवर घेऊन बसला होता. पाण्यातून तिला खांद्यावरून आणलं होतं. पुढे दवाखान्यापर्यंत चालत न्यायचं त्राण त्याच्यात नव्हतं, आणि बाजार सोडून इतर दिवशी त्या वाटेवर गाडी येत नाही.

कुसुमबाईंनी त्याला माडियात विचारलं. तो बोलत होता आणि त्या डोळे पुसत आम्हाला सांगत होत्या, "थो म्हन्ते, मले मालूम होतं आज गाडी नाई. मी म्हटलं बाजाराच्या दिवशी जाऊ. पन पोट्टी ऐकेचना. दुपारपासून एकच... चला, बाई वाट पाहून राह्यली."

रक्त चढवावं लागलं. लॅबमध्ये जुळवून, दोनदा बघून. डॉक्टरबाई सगळं आटोपल्यावर बाहेर आल्या, पायरीवर बसल्या आणि म्हणाल्या, "उद्यावर गेलं असतं तर..."

दुसऱ्या दिवशी सोमीने पेज मागितली. आणि मी दुरुस्तीची सीडी हातात घेऊन सर्वरच्या खोलीच्या दारातच अडकून उभी राहिले.

खरं सांगते, माझा हात होत नव्हता. मी हे चढवलं की पाटी गेली. ज्याचं त्याचं वेगळं. मग कोणाचं नाव कोणाच्या चिठ्ठीवर कधीच येणार नाही. काल हे चढवून झालं असतं, जेवायच्या आधी, ठरवलं होतं तसं, तर माझ्या चिठ्ठीवर मुकाट्याने 'शाहीन' छापलं असतं. मी एसटीने निघून गेले असते. आणि ते दोघं त्या झाडाखाली...

कुसुमबाईंनी मला तसं उभं राहिलेलं बघितलं. विचारलं, मी सांगितलं. त्या लगेच म्हणाल्या, "लाव. कोनाचं रगत कोनाले जाऊ नये."

"आणि सोमी? परत असं झालं तर कळणार कसं?"

"तिच्यासाठी मी हाय ना वं."

मी दुरुस्ती चढवली. त्यानंतर तिथे एकदाही चुकीची चिठ्ठी निघाली नाही. पण त्याबरोबर मी आणखी एक पान लिहिलं, साहेबांना न विचारता. सकाळी मशीन चालू केलं की, यायला हवे होते आणि आले नाहीत अशा पेशंटची नावं दोन्ही खिडक्यांवर आधी दिसतात. ती मिटवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डॉक्टरबाईंनी मग त्या नावांसाठी आठवड्यातून एकदा जीप ठरवून दिली. त्या पानाला प्रोग्राममध्ये मी कुसुमबाईंचं नाव दिलं होतं. त्यांना कधी सांगितलं नाही, रागावल्या असत्या.

त्या दोन ओळींवर मी पुढे पुष्कळ डोकं घातलं. दोन कॉम्प्युटरना एकच पत्ता गेला असेल? नव्हता. आदल्या दिवशीचं नाव पाटीवर राहिलं असेल? सर्वर सकाळी बंद होऊन नव्याने सुरू झाला होता, आणि जुनं नाव राहिलं असतं तरी नवी रिक्वेस्ट नोंदली गेली नसती. माझ्याहून हुशार लोकांना विचारलं. ते नेहमी आधी हसतात आणि मग कागदावर आकृती काढायला लागतात. आकृती कुठल्याही बाजूने काढा, शेवटी ते त्याच बंद मशीनपाशी येऊन थांबतात. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर कळवा. खरंच आभारी राहीन.

कुसुमबाई आता नाहीत. अब्बाही नाहीत. सोमी आहे. औषधं सांभाळून आहे, आलापल्लीला असते, स्वतःचं घर आहे. मधूनच फोन करते. मी कामात असते, पुढ्यात अर्धवट प्रोग्राम असतो, घाईत "बोल गं" म्हणते. ती 'कशी आहेस' विचारत नाही. तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, तोही थेट कुसुमबाईंच्या सुरात : "जेवली का?"

जेवले नसेन तर मी काम बाजूला ठेवते आणि उठते. त्या दुपारी जे घडलं त्यात माझं काहीच नव्हतं. मला कळलंही नाही आणि अजून कळत नाही. माझ्या हातून एकच गोष्ट बरोबर झाली, की मी आधी जेवले.